लेखन अडलंय? आधी अडलेलं पान शोधा

जून उजाडला की गोव्यातल्या लिहित्या माणसांची दोन बाजूंनी कोंडी होते. एकीकडून दिवाळी अंकांचे संपादक फोन करू लागतात, दुसरीकडून गावच्या उत्सवाची मंडळी ‘यंदा नवं नाटक तुमचंच’ म्हणून पडवीत येऊन बसतात. दोघांनाही आपण आधीच हो म्हटलेलं असतं. आणि वहीत काय असतं? सहा पानं. सातव्या पानावर तारीख घातलेली, खाली काही नाही.

अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात. मिरामारच्या किनाऱ्यावर एक फेरी मारून ये. डोकं शांत कर, आपोआप सुचेल. दरवर्षी थंडीत बाहेरची माणसं कादंबरी लिहायची म्हणून गोव्यात येतात आणि समुद्रासमोर खोली घेतात. इथे जन्म काढलेल्यांना ठाऊक असतं की समुद्रानं आजवर कुणाचं एक वाक्य पुरं करून दिलेलं नाही. फिरावं, जरूर फिरावं, गुडघ्यांना बरं. पण फिरून आल्यावर सातवं पान तिथेच असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की अडलेलं लेखन बहुतेक वेळा एका नेमक्या जागी अडलेलं असतं, आणि ती जागा बोट ठेवून दाखवता येते. ‘मला सुचत नाही’ हे निदान नव्हे, ती तक्रार झाली. सुचत नाही म्हणजे नेमकं कुठे आणि कशामुळे, हे कळलं की उपाय बराचसा ठरून जातो. कारण उपाय वेगवेगळे आहेत. एका दुखण्यावरचा उपाय दुसऱ्यावर चालवला तर महिना फुकट जातो.

मोठ्यानं वाचा, पण दुरुस्ती करू नका

लिहिलेलं सगळं छापून घ्या किंवा वही उघडा. खोलीचं दार लावा, पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचत सुटा. हातात पेन्सिल हवी, पण एकही शब्द बदलायचा नाही. जिथे तुमचा स्वतःचा आवाज सैल पडतो, वाचण्याचा वेग उगाच वाढतो, ‘हे असू दे, पुढचं बघू’ असं मनात येतं, तिथे समासात फक्त एक रेघ मारायची आणि पुढे जायचं.

शेवटपर्यंत आलात की रेघा बघा. शेवटच्या ओळीशी रेघ क्वचित असते. ती असते एक-दोन पानं अलीकडे. लेखक सातव्या पानाशी झुंजत असतो आणि खोट पाचव्या पानात असते. बहुतेक वेळा तिथे एखादं पात्र स्वतःच्या स्वभावाला सोडून वागलेलं असतं. गोष्ट पुढे सरकावी म्हणून लेखकानं त्याला ढकललेलं असतं. ढकललेलं पात्र पुढे चालत नाही, एवढा साधा हिशेब आहे.

एक नमुना घेऊ. समजा, तुम्ही फोंडा तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट लिहिताय. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, घर त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचं, दोहोंच्या मधे विहीर. भाटकाराच्या मुलांना जमीन विकायची आहे आणि घेणाऱ्याला मुंडकाराच्या घरातल्या आजीची ना-हरकत हवी आहे. पहिली दोन पानं तुम्ही १९७५च्या मुंडकार कायद्यावर घालवलीत: मुंडकाराला घरातून काढता येत नाही, घर विकत घेण्याचा हक्क त्याला कसा मिळाला, वगैरे. तिसऱ्या-चौथ्या पानावर लंडनहून भाटकाराचा पुतण्या आला. पाचव्यावर वादावादी झाली आणि सहाव्यावर तुम्ही लिहिलंत, ‘शेवटी आजीनं मान हलवली.’

पुढे काही सुचत नाही. तुम्हाला वाटतं, शेवट सापडत नाहीये.

मोठ्यानं वाचलंत तर रेघ त्या मान हलवण्यापाशी येईल. पाच पानं जी बाई विहिरीवरचा एक दगड हलवू देत नाही, ती सहाव्या पानावर का मानली? तुम्हाला शेवटाकडे जायचं होतं म्हणून. आता समासात तीन प्रश्न लिहा. या माणसाला या क्षणी काय हवं आहे? ते मिळू नये म्हणून कोण काय करतंय? आणि मी याला असं वागायला लावलं ते त्याला पटलं म्हणून, की माझी सोय म्हणून? तिसऱ्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलंत की मान हलवण्याचं ते वाक्य काट मारून मोकळं होता येतं.

आजीला भांडायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. तिला फक्त वेळ हवा आहे. मग ते वाक्य असं होतं:

‘आजीनं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि पानाच्या तबकाखाली सारला. “आज अमावास्या,” ती म्हणाली. “सह्या-बिह्या आज नकोत.”’

बघा, अमावास्या एकदाच येते. पुढच्या खेपेला ती काय सांगेल? सुतक आहे म्हणेल. त्याच्या पुढच्या खेपेला हात दुखतो म्हणेल. तिसऱ्या खेपेला पुतण्याचा संयम सुटेल, आणि भाटकाराची बायको, जी इतकी वर्षं विहिरीच्या त्या बाजूला कधी आली नाही, ती स्वतः उठून येईल. दोन म्हाताऱ्या विहिरीच्या काठाशी समोरासमोर. तीन-चार प्रसंग हातात आले, आणि त्यासाठी नवी कल्पना कुठूनही आणावी लागली नाही. चुकीचं एक वाक्य काढलं, एवढंच.

कायद्याची दोन पानंही उचला, पण फेकू नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ती तुम्हाला विषयात शिरण्यासाठी लागली होती, वाचकाला लागत नाहीत. त्यातलं एखादं वाक्य नोटरीच्या तोंडी गेलं तरी काम भागतं. सुरुवातीची पानं काढायला लेखकांचा जीव होत नाही, कारण त्यांवर सर्वांत जास्त घाम गाळलेला असतो. घाम वाचकाला दिसत नाही.

पान कोरंच असेल तर

हे वेगळं दुखणं. इथे शोधायला चुकीचं वाक्यच नाही. पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि पेन न उचलता लिहा, हा उपाय जगभर सांगितला जातो आणि तो चालतोही. पण ‘मनात येईल ते’ लिहायला बसलात तर मनात येतं ते ‘मला काही सुचत नाही’ हेच, आणि पंधरा मिनिटं त्याचंच रडगाणं होतं. म्हणून भावना लिहू नका, वस्तू लिहा.

माटोळी घ्या, चवथीला गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची लाकडी चौकट, तुमच्या लहानपणीच्या घरातली. आठवणीतून लिहा: चौकट कुठल्या लाकडाची होती, सुंभ कुणी आणला, नारळ कुठे, सुपारीचे कातरे, म्हणजे घड, कुठे, तोरिंगण कुठल्या कोपऱ्यात. कांगलां आणि घागऱ्यो रानातून कुणी आणल्या की बाजारातून घेतल्या? शिडीवर कोण चढला? खालून सूचना कोण देत होतं? आरतीच्या मधेच काय निसटून खाली पडलं आणि कुणाच्या डोक्यात पडलं?

गंमत अशी की शिडीवर कोण चढला इथपर्यंत येताच यादी थांबते आणि माणूस सुरू होतो. तो काका, जो वर्षभर भावाशी बोलत नव्हता आणि माटोळी बांधायला मात्र न बोलावता यायचा. गजर वाजला तरी आता थांबू नका.

माटोळी नको असेल तर दुसरं काही घ्या: शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, रायबंदर-चोडण फेरीबोटीत रोज त्याच कोपऱ्यात उभी राहणारी माणसं, मासेमारीच्या बंदीत जून-जुलैभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेले ट्रॉलर आणि त्यांच्या सावलीत चाललेला पत्त्यांचा डाव. अट एकच, वस्तू तुम्ही स्वतः जवळून पाहिलेली हवी. वाचून माहीत असलेली नको.

माहिती आटली असेल तर पाटोवर जा

कधी कधी लेखक अडतो कारण त्याला खरंच पुरेसं ठाऊक नसतं. १९६०च्या दशकातला प्रसंग लिहायचा आहे आणि त्या काळी चहाच्या दुकानात माणसं कशावर वाद घालत होती याची कल्पना नाही. मग कल्पनाशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे; त्याचं मूळ १८३२ सालापर्यंत मागे जातं. तिथे जुनी वर्तमानपत्रं बघायला मागा. ‘गोमन्तक’ १९६२ साली सुरू झाला. १६ जानेवारी १९६७ला गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावर जनमत कौल झाला, त्याच्या आसपासचे अंक समोर ठेवा. पण मथळे वाचू नका. ते इतिहासाच्या पुस्तकातही मिळतील. वाचायचं ते कडेकडेचं: जाहिराती, वाचकांची पत्रं, नाटकांच्या प्रयोगांच्या सूचना, हरवल्या-सापडल्याच्या ओळी. कथेला लागणारा ऐवज तिथे असतो. त्याहून मागे जायचं असेल तर पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज अमदानीचे दस्तऐवज आहेत, मोडीतलेही. मात्र ती लिपी किंवा ती भाषा येणारं माणूस सोबत न्या.

दोन बैठका, फार तर तीन. त्याच्या पुढे संदर्भ गोळा करणं हे न लिहिण्याचं सर्वांत प्रतिष्ठित निमित्त होतं. टिपणांच्या वह्या भरलेल्या आणि कथा शून्य, अशी माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

संवाद पुस्तकी होत असतील तर

हे दुखणं आपल्याकडचं, आणि त्याबद्दल उघड बोललं जात नाही. घरात, बाजारात, भांडणात आपण कोकणी बोलतो. लिहायला बसलो की मराठी. वर्णनापर्यंत सगळं सुरळीत चालतं. पात्रानं तोंड उघडलं की ते एकदम सदाशिव पेठेत राहायला गेल्यासारखं बोलू लागतं, लेखकाला स्वतःलाच ते खोटं वाटतं आणि हात थांबतो. पुष्कळदा ‘सुचत नाही’ म्हणतात ते एवढंच असतं.

उपाय असा. संवाद आधी जसा कानात ऐकू येतो तसाच लिहून काढा, कोकणीत. विहिरीच्या गोष्टीतली आजी खऱ्या आयुष्यात म्हणेल: ‘तुमची बांय? उदक कोणें काडलें इतलीं वर्सां?’ हेच थेट मराठीत लिहायला गेलात तेव्हा काय झालं होतं? ‘या विहिरीवर तुमचा हक्क कसा सिद्ध होतो?’ ही आजी नाही, वकील आहे. आता कोकणी वाक्य समोर ठेवून, त्याचा झोक न मोडता मराठी करा: ‘तुमची बांय? मग इतकी वर्षं पाणी कुणी काढलं?’ बांय तशीच राहिली. संदर्भावरून कोल्हापूरच्या वाचकालाही ती कळते. एका संवादात असे एक-दोन शब्द ठेवा, जास्त नकोत, नाहीतर वाचक तळटीप शोधू लागतो. एवढ्यानं भागत नसेल आणि आजी मराठीत यायलाच तयार नसेल, तर ती गोष्ट कोकणीत लिहा. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता केली, आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

अमेरिकेतले लेखन-अभ्यासक माइक रोज यांनी १९८०च्या सुमारास विद्यापीठातले विद्यार्थी लिहिताना कसे अडतात हे जवळून पाहिलं. त्यांना दिसलं की अडणारे विद्यार्थी कमी हुशार नव्हते. ते कुठलातरी नियम फार कडक पाळत होते. पहिलाच परिच्छेद पकडणारा हवा, असले नियम. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण प्रसंग पाहून ते सोडून देत. आपल्याकडचा असा नियम म्हणजे ‘प्रमाण’ मराठीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सनी गोव्यातल्या साष्टीत राहून सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं. आमची मराठी चालेल का, असं विचारायला ते पुण्याला गेले नव्हते. तुमच्या मनात असलेले नियम एकदा कागदावर उतरवा. त्यातले निम्मे कुणी घातले होते हेच आठवणार नाही, आणि पहिल्या खर्ड्यापुरते ते मोडायला हरकत नसते.

लोक ओळखतील ही धास्ती

गोवा लहान. कथेत देवस्थानाचा तिरसट अध्यक्ष आला की गावात संध्याकाळपर्यंत ठरतं, हा कोण. लेखकाला हे ठाऊक असतं, म्हणून हात आखडतो आणि पात्र मिळमिळीत होतं.

पहिला खर्डा खऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून, हवं तर खऱ्या नावांनी लिहा. तो कुणालाही दाखवायचा नाही, घरच्यांनाही नाही. दुसऱ्या खर्ड्यात बदला, पण नुसतं नाव बदलून कुणी फसत नाही. तालुका बदला, धंदा बदला, पिढी बदला, दोन माणसं एकत्र करा. देवस्थानाच्या अध्यक्षाच्या जागी कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, भाड्यानं देणारी विधवा आत्या आणता येते; तिरसटपणा तोच राहतो आणि पुष्कळदा अधिक खुलतो. बदलूनही ज्याचं त्याला कळेल आणि त्याचं खरोखर नुकसान होईल असं वाटत असेल, तर तो प्रसंग छापायला देऊ नका. तेवढं तारतम्य ठेवलं म्हणजे भ्यालो असं होत नाही.

रोजचं बसणं

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ठरलेली वेळ, अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत. रविवारी सबंध दिवस बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास जास्त पानं देतो, कारण गोष्ट डोक्यातून जात नाही. उठताना प्रसंग पुरता संपवू नका. पुढचं वाक्य माहीत असतानाच उठा आणि उद्यासाठी समासात दोन शब्द टिपून ठेवा. पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा जून ते सप्टेंबर कागद आणि पेन हाताशी असलेलं बरं.

ज्यांना बसवतच नाही त्यांनी बोलून बघावं. फोनच्या कीबोर्डवर बोलून टंकलेखन करायची सोय आता मराठीतही आहे. पणजी-मडगाव बसमध्ये नव्हे, लोक बघतील. पण कुळागरात, गच्चीवर चालत चालत प्रसंग कुणाला तरी सांगतोय तसा सांगा. चुका होतील, विरामचिन्हं मिळणार नाहीत, नावांचं तर काहीच्या काही होईल. असू दे. दुरुस्त करायला काहीतरी समोर आलं, हेच मिळवायचं होतं.

नाटक लिहिणाऱ्यांना आणखी एक सोय आहे, जी कथाकारांना नाही: नट. दुसरा अंक अडला असेल तर तालमीच्या जागी चार जणांना बोलवा, प्रसंग सांगा, संवाद देऊ नका. ‘तू कर्ज मागायला आलायस. आणि तू, तुला पैसे द्यायचे नाहीत. आत बायको ऐकतेय.’ दहा मिनिटं त्यांना आपापसांत बोलू द्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा. जत्रेच्या रंगमंचावर वर्षानुवर्षं उभी राहिलेली माणसं काय बोलतील ते घरी बसून सुचणार नाही. त्यातलं नव्वद टक्के टाकाऊ निघालं तरी प्रसंग कुठे वळतो ते कळतं. कला अकादमीच्या स्पर्धेसाठी संहिता द्यायची असेल तर मात्र हे महिनाभर आधी करा, आदल्या आठवड्यात नको. तेव्हा नटांना तुम्ही नको असता.

दुखणं लेखनाचंच आहे का

वरचं काहीच लागू पडत नसेल तर एक वेगळी चौकशी स्वतःपाशी करावी. फक्त लिहिणंच थांबलंय की वाचणं, खाणं, झोपणं, माणसांत मिसळणं हेही बिघडलंय? दोन आठवड्यांहून जास्त दिवस असं चाललं असेल तर ते लेखनाचं अडणं समजू नका, डॉक्टरांकडे जा. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येतं. लेखकानं दुःखी असलंच पाहिजे हा समज कुणी पसरवला कोण जाणे. आजारपणात कुणाचं लेखन सुधारत नाही.

वाचायला देताना

निम्मं-अर्धं झालं की एका माणसाला द्या. पाच जणांना नको, पाच मतांत पुन्हा अडाल. तो माणूस लेखक नसला तर उत्तम. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, कारण आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे: ‘बरं जमलंय.’ विचारायचं ते हे: वाचताना मधे कुठे उठलास? चहाला उठला असेल तरी ते पान टिपून ठेवा. कोण कुणाचा कोण हे कुठे विसरलास? आणि पुढे काय होईल असं वाटतंय? तिसऱ्या प्रश्नावर त्यानं जे सांगितलं तेच तुमच्या डोक्यात असेल तर शेवट बदला.

संपादकांचं राहिलं. कथा वेळेत होणार नाही असं दिसलं तर मुदतीच्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी फोन करा. त्यांना पानं भरायची असतात; आधी कळलं तर ती जागा ते दुसऱ्या मजकुराला देतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतात. शेवटच्या दिवशी कळलं तर करत नाहीत. बदल्यात द्यायला काही आहे का तेही त्याच फोनवर सांगा: एखादा छोटा ललित लेख, जुनी पण न छापलेली कविता. आणि विहिरीची गोष्ट पुढच्या वर्षासाठी म्हणून त्याच वेळी कबूल करून टाका.